लेडी कॉन्स्टन्स यांच्या बदनामीबाबत

रविवार, २ नोव्हेंबर २०२५. सायं. ६.१०

आज सायंकाळी पाच वाजून पस्तीस मिनिटांनी, सोसायटीच्या क्लबहाउसमध्ये, कॅरमच्या टेबलाशी, तीन विरुद्ध एक मतांनी मला खलनायिका ठरवण्यात आलं. भिंतीवरचं घड्याळ चार मिनिटं पुढे असतं. ती वजा केली आहेत.

मला म्हणजे माझ्या लेडी कॉन्स्टन्सला. चहासुद्धा न घेता लिहिते आहे. एकतीस वर्षं शाळेत परीक्षा विभाग सांभाळला, त्यामुळे नोंद पूर्ण हवी.

जुलैपासून दर रविवारी चार ते सहा हा खेळ चालतो. बी विंगचा हर्षल, कंपनीत कंप्युटरवर असतो, मूळचा सायखेड्याचा, तो राजेरजवाड्यांची, राक्षसांची गोष्ट सांगतो. आपण एकेक पात्र घ्यायचं, ते काय करतं हे बोलून सांगायचं. जमलं की नाही ते वीस बाजूंच्या फाशावर ठरतं. मला नातीने ओढून नेलं. चैताली, अकरावीत आहे. म्हणाली, आजी, तू दिवसभर ग्रुपवर लोकांना झापत असतेस, त्यापेक्षा खाली ये. ती चोर झाली. अश्विन नावाचा एक मुलगा जादूगार झाला, त्याच्या मोज्यांबद्दल लिहीत नाही. मी तलवारधारी सरदारीण घेतली, लेडी कॉन्स्टन्स, आणि तिची शपथ स्वतः लिहिली. दुर्बलांचं रक्षण, सत्य, शिस्त, कर्तव्यात कसूर नाही. हर्षल म्हणाला होता, मस्त आहे आजी. तारीख माझ्याकडे आहे.

आता गुन्हा ऐका. नदीवर भुंडी नावाची म्हातारी राक्षसीण नाव चालवते. तिने शत्रूचे तीन शिपाई पलीकडे सोडले. मी लेखी खुलासा मागितला. तिला लिहिता येईना, म्हणून तोंडी घेतला. म्हणाली, थंडी लय होती बाई, त्यातला एक आजारी व्हता, नावेत बसणाऱ्याला मी कधी इचारत नाय. म्हणजे कबुली. कॉन्स्टन्सने तिला तिच्याच नावेतून नदीत ढकललं. फासा एकोणीस पडला. देवाची संमती यापेक्षा स्पष्ट काय असते?

अश्विनचा हात वेफर्सच्या पाकिटात तसाच राहिला. चैताली म्हणाली, आजी, ती आपल्याला रोज फुकट सोडायची. मी म्हटलं, तेही नियमाला धरून नव्हतंच.

मग मतदान. हर्षलने जाहीर केलं की इथून पुढे गोष्टीतला शत्रू म्हणजे लेडी कॉन्स्टन्स, आणि तिची भूमिका तोच करणार. मी यायची गरज नाही. माझा फासा त्याने चीजची पिवळी पूड लागलेल्या बोटांनी उचलला. शिसारी आली.

सोमवार, ३ नोव्हेंबर

ठरलं. जायचं नाही. विषय काढायचा नाही. चैतालीशी आपणहून बोलायचं नाही. तीच येईल.

बुधवार, ५ नोव्हेंबर. सायं. ५.००

दर बुधवारी क्लासवरून ती माझ्याकडे येते, चहा-टोस्ट खाते, मग सी विंगला स्वतःच्या घरी जाते.

६.३०. आली नाही. क्लास लांबला असेल.

८.००. सहादूला, आमच्या वॉचमनला, इंटरकॉमवर सहज विचारलं. म्हणाला, ताई साडेपाचलाच आल्या, सी विंगकडे गेल्या. ठीक आहे. विचारणारी मी कोण.

शुक्रवार, ७ नोव्हेंबर

बचावाचा मसुदा तयार केला. कॉन्स्टन्सची जुलैपासूनची कामगिरी क्रमाने मांडली. गिरणी जाळली, कारण गिरणीवाला मापात मारत होता. अश्विनच्या जखमी जादूगाराला दलदलीत सोडलं, कारण अश्विन अकरा मिनिटं उशिरा आला. पूल तोडला तेव्हा वर माणसं होती, पण त्यांना पूर्वसूचना दिलेली होती. गावच्या सरपंचाला कोंडलं. कारण आठवत नाही, पण असणारच.

सगळं एकत्र वाचलं. इतकी सुसंगत बाई दुसरी दाखवावी कोणी.

रविवार, ९ नोव्हेंबर. दु. ४.२०

क्लबहाउसच्या खिडकीखालच्या बाकावर ऊन चांगलं असतं. डॉक्टरांनी ऊन घ्यायला सांगितलं आहे. बाक सामाईक मालमत्ता आहे.

५.०५. हर्षल माझा आवाज काढतो. हुबेहूब. एक्सक्यूज मी, रांगेत या, पुरावा दाखवा. अश्विन टेबलावर डोकं ठेवून हसत होता. काय हे संस्कार. मी रांग कधी एक्सक्यूज मी म्हणून सांगत नाही. सरळ सांगते.

चैताली हसली नाही. मी खिडकीतून दोनदा नीट पाहिलं.

मंगळवार, ११ नोव्हेंबर

दूध आणायला गेले तर सहादूने गेटवर अडवलं. सुरगाण्याचा माणूस, पन्नाशीचा. ऑगस्टमध्ये दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी खुर्चीत डुलकी घेताना मी त्याचा फोटो काढून कमिटीला पाठवला होता. तरी बोलतो. रविवारी तो क्लबहाउसच्या दारात उभा राहून सगळी गोष्ट ऐकतो म्हणे. तेव्हा गेटवर कोण असतं हे मी विचारलं. ते त्याने ऐकलं नाही.

म्हणाला, बाई, तुमचा किल्ला लय भारी दाखवलाय. पण लोक तुमच्या नावानं गाव सोडून पळू ऱ्हायले. आता तुमचं काय व्हईल? खरंच काळजीने विचारत होता.

वर सांगतो कसा, भुंडीचं बोलणं हर्षलच्या आजीचं होतं. चंद्रभागाबाई, सायखेड्याच्या. श्रावणात गेल्या. त्यांच्यासारखं बोललं की त्या जवळ असल्यासारखं वाटतं, असं हर्षल त्याला म्हणाला होता.

हे मला आधी कळवायला नको? लेखी?

दूध घ्यायचं राहिलं.

बुधवार, १२ नोव्हेंबर

टोस्ट चार भाजले. सवयीने. सहा वाजता दोन खाल्ले, सातला उरलेले दोन. गार टोस्टासारखी किळसवाणी गोष्ट नाही.

रविवार, १६ नोव्हेंबर

क्लबहाउसच्या खिडकीला पडदा लावला आहे. भर दिवसा. कमिटीकडे तक्रार करणार होते, पण पडदा मागच्या वर्षी मीच मंजूर करून घेतला होता.

अमोलला फोन केला. चैतालीचा बाप आणि माझा मुलगा, निदान तो तरी समजून घेईल. म्हणाला, आई, खेळ आहे गं. मी म्हटलं, खेळ आहे तर पोर दोन बुधवार का आली नाही? तो म्हणाला, तिसरीत असताना तुझ्या शाळेच्या गॅदरिंगला तू तिला गेटबाहेर ठेवलं होतंस, आठवतं का? ती अजून काढते तो विषय.

आठवतं. ओळखपत्र विसरली होती. पाठीला फुलपाखराचे पंख लावून उभी होती. माझं निवृत्तीचं वर्ष. नात म्हणून आत सोडलं असतं तर बाकीच्या पालकांना मी काय तोंड दाखवलं असतं? तिचा नाच तिच्याशिवाय झाला आणि चांगला झाला. मुलं शिस्तीने घडतात. मी नीट विचार करूनच तिला बाहेर ठेवलं.

पंख तिनेच कापून बनवले होते, जिलेटिनच्या कागदाचे. हे इथे लिहायचं कारण नाही.

रविवार, २३ नोव्हेंबर. स. १०.००

आज शेवटची लढाई. सहादूकडून कळलं. निकाल उघड आहे. कॉन्स्टन्सचं चिलखत गावात कोणाकडे नाही. समोर एक चोर, एक अस्वच्छ जादूगार. हरवून दाखवा. त्यानंतर ते मला बोलवायला येतील. मी दोन दिवस वेळ मागून घेईन.

दु. ३.४५. इस्त्रीची साडी नेसून बसले आहे.

सायं. ६.२०. बेल वाजली. सहादू. जिना चढून आला होता, धापा टाकत.

अकरा मिनिटांत मी हरले. फासा दोन पडला. किल्ल्याचा दरवाजा आतूनच उघडला म्हणे, माझ्याच शिपायांनी. अश्विन म्हणाला, टाका हिला नदीत, हिनं तेच केलं होतं. सगळे चैतालीकडे पाहायला लागले.

तिने मला भुंडीचं वल्हं दिलं. शिक्षा अशी की यापुढे नाव मी चालवायची. येईल त्याला पलीकडे सोडायचं. फुकट. नाव, गाव, काही विचारायचं नाही.

सहादू म्हणाला, मी तर टाळ्याच वाजवल्या बाई. त्याला पाणी दिलं. दोन ग्लास प्यायला.

माफी. मला. कोणत्या कलमाखाली? भुंडीने कबुली दिल्यावर मी तिला तिथल्या तिथे बुडवलं. माझ्याविरुद्धचा पुरावा तर किल्लाभर पसरलेला होता. इतका ढिसाळ कारभार मी आयुष्यात पाहिला नाही. रागाने सहादूचा ग्लास दोनदा विसळला. राग असावा.

मंगळवार, २५ नोव्हेंबर. स. ११.००

पत्राचा पक्का मसुदा. स्वच्छ प्रत करून सहादूबरोबर पाठवायची.

प्रति, कु. चैताली अमोल आहेर, सी विंग.

आपण दिलेली शिक्षा बेकायदेशीर असून मी ती निषेध नोंदवून स्वीकारत आहे. तथापि पुढील बाबींचा खुलासा व्हावा. नावेत एका वेळी किती माणसं घ्यायची? नावं विचारायची नाहीत हे समजलं, पण डोकी मोजलेली चालतील का? मोजणार फक्त वजनासाठी. एखादा ओळखपत्र विसरला असेल तर त्यालाही सोडायचं, असा याचा अर्थ मी घेते. चूक असल्यास कळवावं. भुंडीसारखं बोलणं मला जमणार नाही. हर्षलने शिकवल्यास प्रयत्न करीन, त्याची हरकत नसेल तर.

आणि मुख्य मुद्दा. नाववालीने रविवारी चार वाजता टेबलाशी बसायचं, की बाहेर बाकावर? मी दोन्हीकडे बसू शकते.

उत्तर बुधवारी हातोहात आणून दिलं तरी स्वीकारलं जाईल. टोस्ट चारच असतात. ते न जमल्यास शनिवार, दि. २९ नोव्हेंबर, सायंकाळी पाच वाजेपर्यंत मला लेखी उत्तर मिळालं पाहिजे. बेल चालू आहे, मी आत्ताच तपासली.