यमदूतांचे बूट

अहो,

काल चऱ्होलीच्या देवळातून आले आणि तेव्हापासून ही गोष्ट पोटात राहत नाहीये. तुम्ही रंगवलेली ती नरकाची भिंत, तिचा निकाल लागला. असली बातमी तुमच्याशिवाय सांगायची कुणाला? म्हणून लिहायला बसले.

आयुष्यभर चाकणच्या कंपन्यांमध्ये "हेल्मेट घाला", "हातमोजे वापरा" असले बोर्ड रंगवलेत तुम्ही. मग देवळानं सभामंडपात यमलोक काढायला सांगितला, तर उकळत्या कढईशी उभ्या यमदूतांनाही हातमोजे दिलेत आणि पायात काळे, नाडीचे सेफ्टी शूज! "अहो, हे काय?" म्हटलं, तर म्हणालात, "तेल अंगावर उडालं म्हणजे? त्यांचं रोजचं काम आहे ते." काय माणूस होतात हो!

जुन्या बाजारातनं आणलेलं ते इंग्रजी चित्रांचं पुस्तक आठवतं? आपली लेक पल्लवी वाचून सांगायची. परदेशातल्या महाकाव्यांतही म्हणे आपल्या वैतरणीसारखी नदी, आणि मेलेल्यांना पलीकडे नेणारा म्हातारा नावाडी. तुम्ही मात्र प्रत्येक चित्रात पायच बघत बसलात. "ओल्या लाकडावर अनवाणी उभाय बघ. घसरला तर?"

त्यातलाच एक वीर जिवंतपणी पाताळात उतरतो, मेलेल्या बापाला तीनदा मिठी मारतो आणि तिन्हीदा हाती नुसता वारा लागतो. तुम्ही गेल्यावर पल्लवीला ती गोष्ट मी पुन्हा सांगायला लावली. खूप रडले. पण मला तसं उतरता आलं असतं ना, तर मिठी नंतर. आधी तुमचे पाय बघितले असते!

यमदूतांना बूट, आणि स्वतः शिडीवर स्लिपर घालून? तेही इथंच थेरगावात, ओळखीच्या दुकानाची पाटी, "पाच मिनिटांचं काम" म्हणून! कंपनीत चढताना घाला म्हणून मिळालेले बूट माळ्यावर खोक्यात कोरे. "चांगले आहेत, जपून वापरू." जपलेत, बूट जपलेत. माझा राग अजून गेलेला नाही, सांगून ठेवते.

तर झालं असं, की मंदिराचे अध्यक्ष, ते भाऊ, घरी आले. म्हणाले, "वहिनी, रागावू नका. देवळात आपण चपला भाईर काढतो, आन् भिंतीवर बूट? लोकं नावं ठेवत्यात. तेवढे पुसून अनवाणी पाय काढून घेतो." तुमच्या हातची ती शेवटची भिंत. पण देऊळ त्यांचं, मी काय बोलणार? मान हलवली.

काल तुमच्या हाताखाली शिकलेला संतोष ते बूट पुसायला तुमचीच शिडी मागायला आला. पायात स्लिपर! माझं डोकंच फिरलं. माळ्यावरचं खोकं काढलं आणि म्हटलं, "हे घातलेस तर शिडी मिळेल." त्याच्या टेम्पोत शेजारी बसून मीही गेले.

बूट घालून तो शिडी चढायला लागला, तसे भाऊ ओरडले, "आरं, देवळात बूट?"

"कोरे आहेत भाऊ," मी म्हटलं. "आणि तो कामावर आहे. शिडीवरून आणखी एक माणूस पडलेला मला बघायचा नाही."

ते वरमले. "व्हय, कामावर हाय तर असू द्या."

संतोषचा ब्रश पहिल्या यमदूताच्या बुटाला टेकणार, तोच तो थांबला. वरूनच म्हणाला, "भाऊ, हे पण कामावरच आहेत की."

भाऊंनी भिंतीकडे बघितलं, मग संतोषच्या पायांकडे. टोपी काढून डोकं खाजवलं. "ऱ्हाऊ द्या मग. आन् चढलाच हाईस तर नाड्या तेवढ्या काळ्या कर, फिक्या पडल्यात."

हसावं की रडावं कळेना. दोन्ही केलं. शिडी मात्र काम संपेपर्यंत खालून घट्ट धरून होते.

आता माझा शब्द घ्या. ही शिडी मी भंगारात घालणार नाही, आणि बुटांशिवाय कुणाला तिच्यावर चढू देणार नाही. माझी वेळ आली की वैतरणीच्या काठावर तुम्हाला शोधीनच. घाई नाही, सावकाश येईन. पण तिथंही स्लिपरवर दिसलात, तर मिठी राहिली बाजूला!

तुमचीच,
शालन