तासाला पाऊण मिली

ॲडलेड, ९ ऑगस्ट

प्रिय लॅकलन,

ठीक असशील. आई बरी आहे. गुडघ्याचे टाके निघाले. आता झाले ते क्रमाने लिहिते.

१. मंगळवारी दुपारी २.१० वाजता बाराशे ग्रॅमच्या बाळाच्या दोन्ही सलाइन-पंपांवर नवे आकडे घातले गेले.
२. साखर-प्रथिनांचा वेग तासाला पाच मिली हवा होता, चरबीच्या पांढऱ्या द्रवाचा पाऊण मिली. आकडे उलटे पडले.
३. दुसऱ्या तपासणीची सही झाली.
४. दीड तासात दहा तासांची चरबी बाळाच्या शिरेत गेली. श्वास वाढला, साखर उतरली. काढलेले रक्त दुधाळ होते.
५. परिचारिका मेलेआनाला कामावरून दूर केले.

तुझ्या जबाबात आहे, "पंप मेलेआनाने लावले." ती तेव्हा प्रसूतिकक्षात जुळी बाळे घ्यायला गेली होती. जाताना तुला बजावलेही होते, "डॉक्टर, पंपाला हात लावू नका हं! मागच्या वेळी तुम्हाला साधी घंटी बंद करता आली नव्हती." तू हसलास आणि ती गेल्यावर हात लावलास. परत येताच चूक तिनेच पकडली. पण कामाची पाळी तिची, म्हणून नाव तिचे.

एकाने आकडा मोठ्याने वाचायचा, दुसऱ्याने औषधावरची चिठ्ठी स्वतः वाचायची. नवशिक्यांनाही हे जमते. तुला जमले नाही याचे नवल नाही. नंतर तू तिच्या घरी चॉकलेटचा डबा पाठवलास, याची मात्र किळस आली. तिने तो न उघडता माझ्याकडे दिला. "तुझ्या भावाला सांग, माझी मुलं एवढ्यावर गप्प बसत नाहीत."

आता तिसरा मुद्दा. सही माझी आहे. "कर गं पटकन, बघितलंय मी," तू म्हणालास. मी औषधतज्ज्ञ, चिठ्ठी हातभर अंतरावर होती. मी ती वाचली नाही. चौकशीत "आठवत नाही" म्हणाले. भेकड हा शब्द तुझ्यासाठी लिहिताना तो मलाही लागू होतो, हे मला कळते.

बाळाचे रक्त काल स्वच्छ आले. चरबी पुन्हा सुरू केली आहे, अर्ध्या वेगाने.

मेलेआनाची सुनावणी शुक्रवारी, १५ तारखेला आहे. तिची नोकरी त्यावर ठरेल. माझा नवा जबाब लिहून तयार आहे. त्यात आपली दोघांची नावे आहेत. तो मी देणारच. तू तुझा आधी बदलणार का, एवढेच विचारते आहे. आईला अजून काही सांगितलेले नाही.

बुधवारी, १३ तारखेला संध्याकाळी पाचपर्यंत लेखी उत्तर पाठव.

रोवेना