त्याच्या पायातले माझे बूट

अण्णा, शिवनेरीला मी शेवटी यंदा चालत गेले. तुम्हाला देवाघरी जाऊन इतकी वर्षं झाली, तरी हे तुम्हालाच सांगावंसं वाटलं.

मी आठवीत होते. तुमच्या कंपनीतली माणसं दरवर्षी शिवजयंतीला कुरुळीहून शिवनेरीला चालत जायची. त्या वर्षी तुम्ही म्हणालात, "यंदा तुला नेतो." बूट घ्यायला मुद्दाम संध्याकाळी चाकणला नेलंत. "दिवसभरानं पाय फुगतो, माप तेव्हाच घ्यायचं." अंगठ्यापुढे बोटभर जागा ठेवायला लावलीत. मग फर्स्ट शिफ्टवरून आलात की आपण मोशीच्या बाजूला चालत निघायचो, रोज थोडं जास्त लांब. शेजारून कंटेनर धडधडत जातात, माझी टाच बुटात घासून लाल होते, तुम्ही रस्त्याकडेला बसून तिला चिकटपट्टी लावता आणि म्हणता, "फोड यायच्या आधी थांबायचं, बाळा. आल्यावर थांबून काय उपयोग?"

जायच्या आदल्या दिवशी गावाहून थोरल्या काकांचा, माझ्याच वयाचा मुलगा आला. सकाळी मी उठले तर तुम्ही दोघं निघून गेलेले, आणि दाराशी माझे बूटही नव्हते. आईनं कणीक मळता मळता, माझ्याकडे न बघता सांगितलं, "सगळे पुरुषच आहेत म्हणे. म्हणून त्याला नेलंय. त्याच्याकडे नुसती चप्पल होती."

परत आल्यावर तुम्ही शेजाऱ्यांना कौतुकानं सांगत होतात, "एवढं चालला, पण पोराच्या पायाला एक फोड नाही!" कसा येईल, अण्णा? स्वतःच्या टाचा सोलून मी ते बूट रुळवले होते. तुम्ही ते माझ्यापुढे ठेवलेत, मी हात लावला नाही, तर तुम्हीच चिडलात. "एवढ्याशा गोष्टीचं काय धरून बसलीस?" नेणार नाही असं तोंडावर सांगितलं असतंत, तर मी रडले असते आणि विसरलेही असते. पण मी झोपले असताना तुम्ही ते बूट उचललेत. त्यानंतर मी तुमच्याबरोबर कधी चालले नाही. तुम्ही एकदा-दोनदा विचारलंत, मग विचारायचंही सोडलंत.

यंदा कारखान्यात आमच्या लाइनवर काम करणाऱ्या बायकांनी शिवनेरीचं ठरवलं, आणि त्यांना तयार करायचं काम माझ्याकडे आलं. नखं सरळ कापा, कडा गोल करू नका. बोटांमध्ये व्हॅसलीन लावा. नवा बूट त्या दिवशी घालायचा नाही. पिशवीत कोरडे मोजे ठेवा. बोलताना तुमचाच आवाज ऐकू येत होता, आणि त्याचाही राग येत होता. मंचरच्या पुढे आम्ही सावलीला टेकलो, तेव्हा एकीनं विचारलं, "ताई, तुला गं हे सगळं कुणी शिकवलं?"

"वडिलांनी."

"नशीबवान आहेस बाई. आमच्या बापानं कधी पायाकडं बघितलंसुद्धा नाही."

हे कुठे पाठवायचं नाही, म्हणून लिहिते. मी तिला "हो" म्हणाले. बाकीचं मला सांगवलं नाही, अण्णा.