इंजिनशेडची काजळी

कार्तिक वद्य पंचमी, मंगळवार. दुर्गाघाट

आज जीव सुखावलाय, म्हणून स्वयंपाकाआधीच लिहायला बसले. यांच्या टेबलावरच्या छोट्या रेल्वेसाठी (खेळणं म्हटलं की चिडतात) मी इंजिनशेड केली. मिठाईच्या खोक्याच्या भिंती, आणि चंदेरी कागद फणीवर दाबून केलेलं पत्र्याचं छप्पर. आतली काजळी निरांजनाची. देवाची काजळी शेडला लावावी का? लावली, नमस्कार करून.

काल हे म्हणाले, "अगं, छताला नुसते डाग दिसतायत. काळं सगळीकडे सारखं हवं. राहू दे, तयार शेड मागवतो." घरात एवढे पुठ्ठे पडलेले, आणि तयार! रात्रभर डाचत होतं.

आज संध्याकाळी मिश्राजी आले, यांचे रेल्वेतले दोस्त. कोळशाची इंजिनं चालवलेला माणूस. वाकून शेडमध्ये डोकावले. "अरे भाई, कालिख एकदम सही जगह है! जहाँ इंजन खड़ा होता है, बस उसके ऊपर। किसने बनाया?"

यांनी वळून माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "श्रीमतीजी ने."

धूर कुठे जाऊन बसतो, हे चुलीपाशी वाढलेल्या बाईला कुणी शिकवायचं? निरांजनाची का असेना, काजळी बसली बरोबर!

मिश्राजी गेल्यावर हे स्वयंपाकघराच्या दारात घुटमळले. "अगं, तुझ्या शेडजवळ कोळशाचं गोदाम लागेल."

'तुझ्या' म्हणाले! तयार शेडचं नावसुद्धा नाही.

मी म्हटलं, "आरती होऊ दे, मग बघते."

आरतीत आज माझा आवाज जरा वरच्या पट्टीतच लागला.