राणीची एकवेणी

आई, तुझ्या सामेचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार.

विदिशेत मी सुखात आहे, पोटभर जेवते. तुझा गुडघा कसा आहे?

राजा लढाईवर गेल्यापासून राणीची एकच वेणी होती, आपल्या वहिनीसारखी. ती परतलेल्या नवऱ्यानंच सोडायची. काल अमात्य मला म्हणाले, "सोड ती. अंबाडा घाल, मोगरा माळ. महाराज परतलेत, नगराला दिसू दे."

"मग वेणी महाराजांनीच..."

"तुला केस विंचरायला ठेवलंय, तोंड चालवायला नाही."

महालात महाराज कुठंच नव्हते. मी वेणी सोडली, अंबाडा घातला. राणीनं आरशाकडे पाहिलंसुद्धा नाही. ती सज्जात उभी राहिली तेव्हा खाली लोक आनंदानं नाचले. ती पडू नये म्हणून मी मागून तिचा कमरपट्टा घट्ट धरला होता.

आई, दादा महाराजांच्याच रथाबरोबर होता ना? तिकडं कुणी काही बोललं का? काळजी करू नकोस. हे पान वाचून झालं की लगेच चुलीत घाल.

आणि वहिनीला सांग, सैन्य जिंकून आलं असं कुणी कितीही ओरडून सांगितलं, तरी दादा उंबऱ्यात उभा दिसल्याशिवाय वेणीला हात लावू देऊ नकोस.

तुझीच,
सामा