ड्यूटीनंतर घरी

ठमाबाई,

किल्लीसाठी घर डोक्यावर घेऊ नकोस, तुझी स्कूटर मी नेली आहे. काल ड्यूटीवरून येताना आरसा फुटला, तेव्हा कुत्रं आडवं आलं म्हणालीस. तुझ्या मैत्रिणीने खरं सांगितलं. चालवता चालवता तुझा डोळा लागला होता.

तुमच्या हॉस्पिटलच्या मोठ्या मॅडमना भेटायला चालले आहे. लांबलचक ड्यूटीनंतर शिकाऊ डॉक्टरांना घरी सोडायला गाडी द्या, एवढंच मागणार. 'ताई, माझी परीक्षा त्यांच्याच हातात आहे,' असं तू म्हणणार, म्हणून तुला उठवलं नाही. गाडी मिळेपर्यंत मीच न्यायला येईन.

जेवण ओट्यावर झाकून ठेवलंय. माझ्याशी अबोला धरायचा तर खुशाल धर, पण रोज घरी पोचून धर.

ताई