मार्कोने मागितलेले तीन हिवाळे

डनरॉस, सस्कॅचवान
१४ ऑक्टोबर १९७९

चि. स्टेफ्कास, ओरेस्टदादाचे अनेक आशीर्वाद.

पत्रास कारण, तुझा मुलगा. आमच्या एल्क्स आइस हॉकी संघाचा कोच होऊन मार्को इथे आला त्याला सहा आठवडे झाले आणि तेवढ्यात निम्म्या गावाने माझ्याशी बोलणं कमी केलं आहे. त्याचं नाव समितीपुढे मीच ठेवलं होतं, हे कुणी विसरत नाही. आठ सामने झाले, सात हरलो. आठवा बरोबरीत सुटला, तेव्हा गॅरेजवाल्या बोहदानने कॉफीच्या दुकानात सगळ्यांसमोर मला विचारलं की आज एवढा मोठा सण आहे तर कॉफी मामातर्फे का. मी पाजली. न पाजून सांगतो कुणाला.

मार्कोने आल्या आल्या चार जुने खेळाडू दुसऱ्या संघांना देऊन टाकले आणि बदल्यात सोळा वर्षांची पोरं आणली. एकाला तर घरची आठवण येऊन कपडे बदलायच्या खोलीत रडू फुटलं म्हणे. विशी गाठली की पोरगा आपल्या संघाबाहेर जातो, हे तुला ठाऊकच आहे. मग जे पुढच्या वर्षी जाणारच, त्यांच्या जिवावर आज चार सामने जिंकून काय मिळवायचं, असं मार्कोचं म्हणणं. गावाच्या सभेत त्याने आडपडदा न ठेवता सांगितलं की मला तीन हिवाळे द्या. पहिल्यात मार खाऊ, दुसऱ्यात उभं राहू, तिसऱ्यात जिंकू. टाळी एकानेही वाजवली नाही. पण उठूनही कुणी गेलं नाही, हे आमच्या गावात पुष्कळ झालं.

कप्तान केलीला मात्र तो हात लावणार नाही. मला म्हणाला, वुयको, या पिल्लांना चालायला शिकवायला एक मोठा लागतोच, केली वसंतापर्यंत तुमच्याचकडे. पस्तिशी गाठली तरी तो मला मामा म्हणताना तुझ्या-माझ्या आईच्या गावचा युक्रेनी शब्द वापरतो, ऐकून बरं वाटतं. त्याहून बरं वाटलं ते केलीचं. परगावचे खेळाडू गावकऱ्यांच्या घरी राहतात, तसा हा तीन वर्षं आमच्याकडे आहे. ऑगस्टमध्ये माझी पारास्का गेल्यापासून घरात दुसरा आवाज त्याचाच. तो बूट आपटत आत येतो तेव्हा मला उठून बटाटे चढवावेसे वाटतात. नाहीतर मी एकटा उभ्याउभ्या पाव खाऊन मोकळा झालो असतो.

प्रकृतीस जप. तिकडे समुद्राकाठी बर्फ पडत नाही याची बढाई पुढच्या पत्रात नको.

तुझा,
ओरेस्टदादा


व्हिक्टोरिया
२ नोव्हेंबर १९७९

ती. दादास, स्टेफ्काचा सा. न.

बर्फ पडत नाही. काल गुलाब छाटले. झाली बढाई.

मार्को फोनवर कमी बोलतो. जेवतोस का विचारलं तर हो म्हणतो, झोपतोस का विचारलं तर सामना सांगायला लागतो. त्याच्या गाडीच्या काचेवर कुणीतरी अंडी फोडली होती, हे मला बोहदानच्या बायकोच्या पत्रातून कळलं. तुझ्या पत्रातून कळलं नाही. दादा, मला दुखेल म्हणून तू गोष्टी गाळतोस, ही तुझी लहानपणापासूनची खोड आहे.

तुला एकच सांगते. लोक ओरडणारच. पैसे देऊन थंडीत बसतात आणि दर शनिवारी हरलेलं बघून घरी जातात, त्यांचंही काही चूक नाही. पण तू त्यांच्याबरोबर ओरडू नकोस. वडिलांनी विटा वाहून ते रिंक उभं केलं तेव्हा पहिली पाच वर्षं संघ शेवटच्याच नंबरावर असायचा, आणि वडील एकही शनिवार चुकले नाहीत. तूच मला सांगितलं आहेस.

आणि केलीला जरा मोकळं सोड. तू सराव संपेपर्यंत दाराशी गाडी घेऊन उभा असतोस म्हणे. एकोणीस वर्षांचा बाप्या आहे तो, चालत येईल. पारास्कावहिनी गेल्याचं दुःख त्याच्या ताटात वाढू नकोस. रागावशील, पण लिहिते.

लोभ आहेच, त्यात भांडणाची भर.

तुझी,
स्टेफ्का


डनरॉस
८ जानेवारी १९८०

चि. स्टेफ्कास आशीर्वाद.

रागावलो होतो म्हणून दोन महिने लिहिलं नाही. आता राग गेला, कारण जुन्या पंचांगाचा आपला नाताळ फार चांगला झाला. परवा सहा तारखेला पवित्र रात्रीचं जेवण मी स्वतः केलं. बाराच्या बारा पदार्थ. कुत्या, ती गव्हाची खीर, थोडी करपली, गहू नीट शिजला नाही, पण केलीने सगळं खाल्लं. मार्को येणार होता, पण संघाच्या कामामुळे आला नाही. आम्ही दोघंच.

तुला सांगायचं ते हे. गेलेल्या माणसासाठी आपण जागा मांडतो, तशी मी पारास्कासाठी मांडली. ताट, मेणबत्ती, तिची खुर्ची. आणि मग ती रिकामी खुर्ची माझ्याच्याने बघवेना. केलीला म्हटलं, बाळा, तू इथे बस. तो बसला. तिच्याच ताटात वाढलं. पाच महिन्यांत पहिल्यांदा मला भूक लागली. त्याला मी म्हटलं की वसंतानंतरही जायची काय घाई आहे, गॅरेजमध्ये काम बघू, खोली तुझीच आहे. तो हो नाही काही बोलला नाही, लाजाळू पोरगा आहे.

संघ एकोणीस सामने हरला आहे, पण आज त्याबद्दल लिहीत नाही.

तुझा,
ओरेस्टदादा


डनरॉस
१२ जानेवारी १९८०

स्टेफ्का,

मायना घालत नाही. घालण्यासारखं मन नाही.

परवा, खेळाडूंच्या अदलाबदलीच्या शेवटच्या दिवशी, तुझ्या मुलाने केलीला अल्बर्टातल्या एका संघाला देऊन टाकलं. बदल्यात काय आणलं? पंधरा वर्षं अकरा महिन्यांचा एक गोलकीपर. मी रिंकवर जाऊन मार्कोला विचारलं की ऑक्टोबरमध्ये तू मला काय बोलला होतास. तो खाली बघत म्हणाला, वुयको, संघाच्या भल्याचं होतं. मी म्हटलं, माझ्याकडे बघून बोल. तेव्हा म्हणाला, वसंतात तो जाणारच होता. मी म्हटलं, अरे, मलाही तो वसंतापर्यंतच हवा होता.

केलीची बॅग मी भरली. त्याचे मोजे दोरीवर ओले होते, ते तसेच पिशवीत घातले. बसथांब्यावर पोराने हात मिळवला आणि माझ्याकडे नीट बघितलंही नाही. मार्कोने त्याला किती दुखावलं असेल ते त्यावरून समज.

गावाचा धीर सुटला आहे. हरणं त्यांनी पोटात घातलं होतं, पण केली त्यांचा लाडका. बोहदानने अर्ज फिरवला, दोन दिवसांत शंभर सह्या. दोन फेब्रुवारीला सभासदांची सभा आहे, मार्को राहतो की जातो त्यावर मतं पडतील. संघाच्या सभेतला वडिलांचा मताचा एक हक्क तुझ्या नावावर आहे. दरवर्षी पाठवतेस तसा सही केलेला कागद पाठव.

ओरेस्ट


व्हिक्टोरिया
२० जानेवारी १९८०

ती. दादास सा. न.

कागद सोबत आहे. यंदा कोरा नाही. मार्को राहावा, असं माझ्या हाताने लिहून खाली सही केली आहे. तू तो पेटीत टाकशील याची मला खात्री आहे, कारण तू कितीही तापट असलास तरी दुसऱ्याचं मत खिशात ठेवणारा नाहीस.

तुझी दोन्ही पत्रं मी चारचारदा वाचली. दादा, ती खुर्ची. ज्या जागी मेलेल्या माणसाने यायचं, तिथे तू जिवंत पोराला बसवलंस? आईने बघितलं असतं तर उठून मेणबत्ती विझवली असती. केली स्कॉटिश घरातला, त्याला त्या वेळी काही कळलं नसेल. पण संघातली निम्मी मुलं आपल्याच युक्रेनी लोकांच्या घरी राहतात. त्याला कुणीतरी सांगितलं असेलच.

यापेक्षा जास्त मला लिहिता येत नाही. मार्कोवर विश्वास ठेव एवढंच म्हणते. त्याने तीन हिवाळे मागितले, अजून एकही पुरा झालेला नाही. तुला जे दिसतं तेवढंच घडलेलं असतं असं नाही. सभेत बोलू नकोस. बोलायला लागलास की तू थांबत नाहीस आणि लोक तुझं ऐकतात.

तुझी,
स्टेफ्का


डनरॉस
४ फेब्रुवारी १९८०

चि. स्टेफ्कास,

तुला दुसऱ्याकडून कळण्याआधी मीच लिहितो. तुझा कागद मी पेटीत टाकला, तू लिहिलास तसाच. माझा माझ्या मनासारखा टाकला. मार्को राहावा म्हणणारे एकशे सतरा, जावा म्हणणारे एकशे अठरा.

मी बोललो. बोलणार नव्हतो. पण शाळेच्या बाईंनी उठून फार समंजसपणे सांगितलं की झाड लावल्या दिवशी फळ मागू नका, आणि लोक माना डोलवायला लागले. मार्को कोपऱ्यात टोपी हातात घेऊन उभा होता. माझं डोकं फिरलं. मी उठून म्हटलं की हा माझ्या बहिणीचा मुलगा आहे, याला मीच आणला. केलीला हलवणार नाही असा शब्द याने मला माझ्या स्वयंपाकघरात बसून दिला होता. ज्याला घरच्या माणसाला दिलेला एका हिवाळ्याचा शब्द पाळता येत नाही, त्याच्या तीन हिवाळ्यांच्या शब्दावर गावाने का थांबायचं? डोलणाऱ्या माना थांबल्या. मला ते दिसलं, आणि खोटं कशाला बोलू, बरं वाटलं.

मार्कोला उत्तर द्यायची संधी दिली होती. तो म्हणाला, मला काही सांगायचं नाही. त्यानेच स्वतःचं नुकसान केलं. काल पहाटे तो सामान गाडीत घालून निघाला. माझ्या घरावरून गेला, थांबला नाही.

तू चिडशील. मी ते सोसायला तयार आहे.

दादा


व्हिक्टोरिया
१४ फेब्रुवारी १९८०

दादा,

मार्को इथे आहे. दिवसभर गॅलरीत बसतो. मी विचारलं तरच बोलतो.

मी त्याला दिलेलं वचन आज मोडते आहे. सात जानेवारीला सकाळी केली त्याच्याकडे गेला होता. खुर्चीचा अर्थ त्याला त्याच सकाळी दुसऱ्या मुलाकडून कळला होता. केली म्हणाला, मला कुठेही पाठवा. म्हातारा वाईट नाही, माझ्यावर जीव लावतो, पण मी त्या घरात श्वास घेऊ शकत नाही. सराव संपला की तो दारात, जेवताना तो समोर, रविवारी कबरीवर तो मला नेतो. मी त्याची बायको नाही आणि मुलगाही नाही. गावातच दुसऱ्या घरी जायचं का, असं मार्कोने विचारलं, तर म्हणाला की मग म्हाताऱ्याला कळेल. त्याला कळता कामा नये, त्याचं मन मोडेल. एवढी एकच अट पोराने घातली.

मार्कोने तीन दिवस फोन केले आणि मिळेल त्या संघाला त्याला दिलं. केली गेला की गाव आपल्याला ठेवणार नाही, हे त्याला पक्कं माहीत होतं. मला फोनवर म्हणाला, आई, वुयकोंना कळू देऊ नकोस, पारास्कामामी जाऊन पाचच महिने होत आहेत. मी गप्प बसले. एका ओळीत तुला लिहिलं असतं तर आज तो बर्फावर असता. ते ओझं माझं आहे, मी वागवीन. तुझं तू.

वडिलांच्या हक्काचा कागद यापुढे माझ्याकडून येणार नाही.

स्टेफ्का


डनरॉस
२ मार्च १९८०

चि. मार्कोस,

तुझ्या आईचं पत्र येऊन दहा दिवस झाले. तिला उत्तर लिहायला बसलो आणि प्रत्येक वेळी लक्षात आलं की उत्तर तुला द्यायचं आहे.

आधी संघाची बातमी. तुझी पोरं शनिवारी जिंकली, चार विरुद्ध एक. जो रडायचा त्याने दोन गोल केले, आणि तुझा गोलकीपर सोळा वर्षांचा वाटत नाही. नव्या कोचने सभा घेतली आणि म्हणाला, संघ तरुण आहे, मला दोन वर्षं द्या. लोकांनी उठून टाळ्या वाजवल्या. बोहदानने तर शिट्टी मारली.

केलीला मी पत्र लिहिलेलं नाही, लिहिणारही नाही. त्याच्यासाठी मला एवढंच करता येण्यासारखं आहे. तो माझ्याकडे नीट न बघता गेला, तेव्हा मी तो दोष तुझ्या खाती टाकला होता. मी त्या पोराला काय करून ठेवलं होतं, ते मला अजून पूर्ण कळत नाही, पण रात्रंदिवस त्याचीच लाज वाटते. तुझ्याशी मी जे केलं ते मात्र पूर्ण कळतं.

मंगळवारी कॉफीच्या दुकानात गेलो. नेहमीची दहा-बारा माणसं होती. कुणीतरी म्हणालं की तो तुझा भाचा, केलीला विकणारा, आता कुठे असतो. मी उभा राहिलो आणि सांगितलं. केलीला त्याने विकला नाही. पोराला माझ्या घरातून सुटायचं होतं, माझ्यापासून. मार्कोने त्याला वाट करून दिली आणि माझी अब्रू झाकायला तुमच्या शिव्या खाल्ल्या. खुर्चीचंही सांगितलं. काही गाळलं नाही.

कुणी हसलं नाही, कुणी रागावलं नाही. बोहदानने उठून माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, ओरेस्ट, बहिणीचा मुलगा आहे, जीव तुटतोच, आम्ही समजू शकतो. दुसरा म्हणाला की उगाच स्वतःवर ओढून घेऊ नकोस, सभेत बोललास तेच खरं होतं. मी पुन्हा सांगितलं. मग आवाज चढवून तिसऱ्यांदा सांगितलं. त्यांनी मला बसवलं, माझी टोपी उचलून दिली आणि बोलणं शनिवारच्या सामन्याकडे वळवलं. त्यांनाही दोष देता येत नाही. तुझ्याविरुद्ध मी इतकं चांगलं बोललो होतो, की आता तुझ्या बाजूने बोलणाऱ्या ओरेस्टवर या गावात कुणाचा विश्वास बसणार नाही.

उत्तराची वाट बघत नाही. आईला जप.

तुझा,
वुयको